‘किडा चावला’ एवढंच लिहून घरी पाठवू नका

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातले दवाखाने, ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत कॅज्युअल्टीची ड्यूटी करणारे सर्व डॉक्टर आणि सिस्टर यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझ्या टेबलावर दोन केसपेपर आहेत. दोन्ही माझ्या थोरल्या भावाचे. एक मार्चमधला, नागपुरातल्या एका दवाखान्याचा. दुसरा त्याच्या पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरातला. मधे दीड वर्ष गेलं, डॉक्टर वेगळे, कागदाचा रंग वेगळा, पण निदानाच्या रकान्यात दोन्हीकडे तेच दोन शब्द आहेत: ‘इन्सेक्ट बाइट’. किडा चावला. पहिला कागद लिहिला गेला तेव्हा दादाचं शरीर गांधीलमाशीच्या पुढच्या डंखासाठी तयार होऊन बसलं होतं. कागदावर ते आलं नाही, म्हणून आम्हालाही कळलं नाही. दुसऱ्या वेळी तो थोडक्यात वाचला.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मास्ट पेशी, हिस्टामीन, आयजीई हे ॲलर्जीच्या धड्यातले शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी माझ्या सख्ख्या भावाच्या अंगात तेच सगळं घडत होतं तेव्हा मला ते ओळखता आलं नाही, याची बोच अजून जात नाही. नंतर मी मिळेल ते वाचलं, ॲलर्जीच्या तज्ज्ञांना भेटले, आणि आता तुम्हाला लिहिते आहे. हे पत्र कुणाच्या विरोधात नाही. दादाला परत आणणारीही तुमच्यातलीच एक होती.

आधी काय झालं ते सांगते.

नागपूरकरांना कूलरचं वेगळं सांगायला नको. मार्च लागला की घरोघरी कूलर निघतात, ताट्या बदलल्या जातात, टप घासला जातो. दादा दोन दिवसांसाठी माझ्याकडे आला होता, आणि मागच्या गॅलरीत आठ महिने झाकून ठेवलेला कूलर त्यानं काढायला घेतला. ताटी बाजूला केली तर आत जाळीला तळहाताएवढं करड्या रंगाचं, कागदासारखं पोळं लटकलेलं. गांधीलमाश्यांचं. त्यातली एक त्याच्या मनगटाला डसली. आईनं लोखंड घासलं, चुना लावला. दहा मिनिटांत त्याच्या तळहातांना आणि तळपायांना खाज सुटली, मग पोटावर, पाठीवर, मांड्यांवर गांधी उठल्या, एक उलटी झाली, आणि ‘डोळ्यांपुढं अंधारी येऊन राहिली’ म्हणत तो भिंतीला टेकून बसला. जवळच्या दवाखान्यात ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. संध्याकाळपर्यंत अंग साफ झालं. ‘पुन्हा माशीच्या नादी लागू नका,’ एवढं सांगून घरी सोडलं. (अंगावर उठते ती गांधी आणि ती उठवणारी ती गांधीलमाशी, हे दोन शब्द एकमेकांच्या इतके जवळ आहेत हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.)

दादाची संत्र्याची बाग काटोल तालुक्यात आहे. ऑक्टोबरात आंबिया बहराची तोडणी सुरू झाली होती. पिकून फुटलेल्या फळांवर, खाली पडलेल्या सड्यावर गांधीलमाश्या येतातच. त्यानं फांदीखाली हात घातला आणि मानेवर एक डंख बसला. एकच. मजुरांना म्हणाला, ‘काही नाही, गांधीन चावली.’ पाचेक मिनिटांनी तो क्रेटवर बसला. ‘मले कसंतरीच होऊन राहिलं,’ म्हणाला, आणि तिथंच कलंडला. या खेपेला अंगावर गांधी फारशा उठल्याच नाहीत. पुतण्याचा मला फोन आला, ‘आत्या, बाबा बोलून नाही राहिले.’

सर्वांत जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं ॲलर्जीचं इंजेक्शन, स्टेरॉइड आणि सलाइन दिलं. रक्तदाब वर येईना, म्हणून ‘नागपूरला न्या’ म्हणाले. पुतण्यानं त्याला गाडीत मागच्या सीटवर बसवलं. हो, बसवलं. आडवं ठेवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वाटेत ओठ निळे पडले म्हणून ते दिसेल त्या दवाखान्यात शिरले. तिथं ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिनं दोनच प्रश्न विचारले: काय चावलं, किती वेळ झाला. मग त्याला सपाट झोपवलं, पायांखाली उशा दिल्या, ॲड्रेनालीनची ॲम्प्यूल फोडली आणि अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिली. पुतण्या सांगतो, पॅन्ट काढायलाही ती थांबली नाही. पाच मिनिटांनी आणखी एकदा. दुसऱ्या इंजेक्शननंतर दादानं डोळे उघडले आणि गाडीला कुलूप लावलं का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून सुट्टी मिळाली, वेगळ्या सहीनं. त्या कागदावर पुन्हा तेच: इन्सेक्ट बाइट.

आता माझ्या विषयाकडे येते. यातलं पुष्कळ तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकलेले आहात. पण हे पत्र उघडं आहे, बागायतदार वाचतील, मजुरांची मुलं वाचतील, म्हणून वर्गात सांगते तसं सांगते.

गांधीलमाशीचं विष म्हणजे एकच पदार्थ नव्हे. त्यात खाज आणि सूज आणणारं हिस्टामीन असतं, आग आणि वेदना निर्माण करणारी छोटी प्रथिनं असतात, आणि काही मोठी प्रथिनं असतात. फॉस्फोलायपेज ए-१ हे विकर पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं कापतं. हायल्युरोनिडेज पेशींच्या मधला चिकट पदार्थ विरघळवून विषाला वाट करून देतं. आणि ‘अँटिजेन ५’ नावाचं एक प्रथिन असतं. माशीला त्याचा नेमका उपयोग काय, हे शास्त्रज्ञांना अजून नीट उलगडलेलं नाही, पण माणसात ॲलर्जी निर्माण करण्यात ते सगळ्यांत पुढं आहे. शिवाय मास्टोपॅरान नावाचं एक चिमुकलं द्रव्य असतं, फक्त १४ अमिनो आम्लांचं. त्याला प्रतिपिंडांची गरज लागत नाही. ते थेट मास्ट पेशींना भिडतं आणि त्यांच्यातलं हिस्टामीन बाहेर काढतं. म्हणून गांधीलमाशी कुणालाही चावली, अगदी आयुष्यात पहिल्यांदा चावली, तरी आग होते, लाल होतं, सुजतं. ही ॲलर्जी नाही. बाकी बरंच काही होऊ शकतं, पण ते या वाटेनं नव्हे.

ॲलर्जीची वाट वेगळी आहे आणि ती आधीच्या डंखापासून सुरू होते. त्वचेत डेंड्रिटिक पेशी असतात. त्या विषातलं प्रथिन गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात. तिथं टी पेशी ते तुकडे ओळखतात. काही माणसांत या टी पेशी ठरावीक दिशेनं वळतात, त्यांना टीएच-२ म्हणतात. त्या इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ सोडतात, आणि त्या इशाऱ्यावर बी पेशी आयजीई नावाचं प्रतिपिंड बनवू लागतात. हे आयजीई रक्तात फार काळ राहत नाही, दोनेक दिवसांत त्यातलं निम्मं संपतं. पण मास्ट पेशी आणि बेसोफिल (रक्तातल्या तशाच पेशी) यांच्या पृष्ठभागावर जे जाऊन बसतं ते आठवडे आठवडे टिकतं. आणि ते बनवायची आठवण बी पेशींच्या वंशात वर्षानुवर्षं राहते. दादा कूलरसमोर बसून उलटी करत होता तेव्हा हे सगळं त्याच्या अंगात झालेलं होतं, त्याआधीच्या, कुणाला आठवतही नसलेल्या एखाद्या डंखामुळे.

मास्ट पेशी कुठं असतात हे मुलांना मी नेहमी आवर्जून सांगते, कारण आजाराची सगळी लक्षणं त्यावरून कळतात. त्वचेत असतात, म्हणून गांधी उठतात. श्वासनलिकेच्या अस्तरात असतात, म्हणून दम लागतो, घसा आवळतो. आतड्यात असतात, म्हणून उलटी आणि जुलाब. रक्तवाहिन्यांच्या कडेला असतात, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांभोवतीही असतात. पॉल एर्लिखनं १८७८ साली रंग वापरून त्या दाखवल्या तेव्हा आतले टपोरे कण पाहून त्याला वाटलं, या खाऊन-पिऊन पुष्ट झालेल्या पेशी आहेत. म्हणून त्यानं जर्मनमध्ये तसं नाव दिलं. ते अन्न नव्हतं. कणांमध्ये हिस्टामीन होतं, ट्रिप्टेज नावाचं विकर होतं, आधीपासून भरून ठेवलेलं.

पुढच्या डंखात विषाचं एक प्रथिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतं. दोन आयजीई जवळ ओढली गेली की पेशीच्या आत संदेश जातो, कण पृष्ठभागाशी येतात आणि रिकामे होतात. मिनिटं लागतात, तास नाही. त्यामागोमाग पेशी नवीन द्रव्यं तयार करू लागते: ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन, प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपू लागतात. जोरदार ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अंगभर उसळलेल्या जीवघेण्या ॲलर्जीत, रक्तवाहिन्यांतला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव दहा मिनिटांत बाहेर ऊतींमध्ये जाऊ शकतो. माणसाचं रक्त सांडलेलं कुठंच दिसत नाही, आणि तरी हृदयाकडे परत यायला रक्त उरत नाही. अशा माणसाला उठवून बसवलं तर उरलंसुरलं पायांत उतरतं. दादाला सीटवर बसवलं होतं ते आठवलं की आजही माझ्या हातापायातलं त्राण जातं.

शार्ल रिशे आणि पोल पोर्टिये यांना हेच १९०२ च्या सुमारास दिसलं होतं. समुद्रफुलाच्या विषाचा अर्क त्यांनी नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला दिला, तेव्हा त्याला विशेष काही झालं नाही. २२ दिवसांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली, आणि २५ मिनिटांत तो मेला. विषाची सवय होऊन शरीर कणखर होईल अशी त्यांची कल्पना होती. झालं उलट. त्या उलट होण्याला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३ साली रिशेला त्यासाठी नोबेल मिळालं. मधल्या २२ दिवसांत कुत्र्याच्या अंगात काय तयार झालं हे कळायला आणखी अर्धं शतक गेलं. आयजीईची ओळख पटली ती १९६६-६७ मध्ये, अमेरिकेत इशिझाका दांपत्याला आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांना, वेगवेगळी.

आयजीई ही निव्वळ शरीराची चूक आहे असं मात्र मी वर्गात शिकवत नाही. २०१३ मध्ये दोन गटांनी उंदरांवर मधमाशीच्या विषाचे प्रयोग प्रसिद्ध केले. थोड्या विषाची आधी ओळख झालेले आणि प्रतिकाराची ही बाजू जागी झालेले उंदीर नंतरच्या मोठ्या मात्रेतून जास्त तगले. म्हणजे ही व्यवस्था विषापासून वाचवण्यासाठीच घडत आली असावी. काही माणसांत मात्र तिचा वेग शरीराला सोसवत नाही. दादा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. ‘मंजे माह्या आंगाची नियत खराब नव्हती,’ एवढंच म्हणाला.

आता ॲड्रेनालीनकडे, कारण इथं तुमचा हात चालतो.

ॲलर्जीचं इंजेक्शन, म्हणजे फेनिरामीनसारखं औषध, हिस्टामीनची एक जागा अडवतं. खाज कमी होते, गांधी बसतात. पण सुटून गेलेलं ल्युकोट्राइन, प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर यांना ते काहीच करत नाही, आणि कोसळलेला रक्तदाब त्यानं वर येत नाही. स्टेरॉइडचा परिणाम यायला तास लागतात. ॲड्रेनालीन एकाच वेळी चार कामं करतं: रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचा जोर वाढवतं, श्वासनलिका मोकळी करतं, आणि मास्ट पेशींना आणखी द्रव्यं सोडू देत नाही. हे शेवटचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण बाकीची औषधं सुटलेल्या द्रव्यांच्या मागे धावतात, हे मात्र द्रव्यं सुटतात तिथंच पोहोचतं. मात्रा तुम्हाला ठाऊक आहे: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. जागतिक ॲलर्जी संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही पहिलं औषध हेच आहे. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं आणि अतिशय स्वस्त औषध आहे हे.

मग हात का अडखळतो? मी ओळखीच्या काही डॉक्टरांना विचारलं. उत्तर बहुतेक एकच आलं: हृदयाची भीती. शिरेतून, चुकीच्या मात्रेत दिलेल्या ॲड्रेनालीननं झालेले अपघात त्यांनी पाहिलेले किंवा ऐकलेले असतात, आणि ती भीती स्नायूतल्या अर्ध्या मिलीवरही येऊन बसते. पन्नाशी उलटलेला माणूस समोर असला की ती आणखी वाढते. मला ती समजते. पण ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा जो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात डंखानंतर हृदय किंवा श्वास बंद पडायला लागलेल्या वेळाचा मध्यक १५ मिनिटांचा होता. काटोल तालुक्यातल्या एखाद्या बागेपासून पक्क्या रस्त्यापर्यंत यायलाच तेवढा वेळ जातो. आमच्या बाबतीत पहिल्या दवाखान्यात आम्ही पोहोचलो होतो. औषध तिथं कपाटात होतं की नव्हतं, ते मला माहीत नाही. मिळालं नाही, एवढं माहीत आहे.

अंगावर गांधी नाहीत म्हणून ॲनाफिलॅक्सिस नाही, हा समजही दादाच्या जिवावर बेतला असता. डंखानंतर नुसताच रक्तदाब कोसळतो आणि त्वचा जवळजवळ स्वच्छ राहते असे रुग्ण असतात, आणि ते सौम्य नसतात. त्यांच्यात काहींच्या शरीरात मास्ट पेशीच मुळात जास्त असतात, मास्टोसायटोसिस म्हणतात त्याला. म्हणून नंतर शांतपणे रक्तातलं ट्रिप्टेज तपासायचं असतं. दादाचं आम्ही पुढे तपासलं, सुदैवानं मर्यादेत निघालं. पण खरा नमुना घ्यायची वेळ तीच होती, डंखानंतरचे पहिले एक-दोन तास, आणि त्याच्याशी ताडून पाहायला चोवीस तासांनंतरचा दुसरा.

इथून मी त्या दोन शब्दांकडे परत येते, कारण माझी मुख्य विनंती तीच आहे.

‘इन्सेक्ट बाइट’ हे जखमेचं नाव आहे. दादाला जे झालं ते जखमेत झालं नाही. त्याच्या मास्ट पेशींवर आयजीई बसलेलं होतं, त्यांना झालं. जखम दोन दिवसांत भरली, आयजीई तिथंच आहे. मार्चच्या कागदावर ‘गांधीलमाशीच्या विषामुळे ॲनाफिलॅक्सिस’ असं लिहिलं असतं तर आम्ही काय केलं असतं? मी स्वतः पुस्तक उघडलं असतं. त्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं असतं. त्याच्या खिशात औषध असतं, पुतण्याला ते देता आलं असतं. ऑक्टोबरातल्या पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पुतण्यानं तो कागद दाखवला असता, आणि कदाचित त्यांचा हात अडखळला नसता. हे सगळं मी रात्री बऱ्याचदा मनात फिरवते.

तेव्हा केसपेपरवर ते नाव लिहा. कोणता कीटक होता, तेही विचारून लिहा. मधमाशी डसली तर काटा बहुधा कातडीत राहतो, तिचं पोळं मेणाचं असतं. गांधीलमाशी काटा ठेवत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते, पोळं कागदासारखं असतं. शेतातल्या माणसाला हा फरक तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो, फक्त त्याला विचारायला हवं. आग्यामोहोळ उठून शेकडो माश्या चावल्या असतील तर तो आणखी वेगळा प्रकार. तिथं नुसत्या विषाच्या मात्रेनंच स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि असा माणूस ॲलर्जी नसली तरी देखरेखीखाली ठेवावा लागतो. तीनही प्रकार एकाच ‘किडा चावला’त गडप होतात. किती वेळात लक्षणं आली, रक्तदाब किती खाली गेला, ॲड्रेनालीन दिलं का, या तीन गोष्टी आणखी. केसपेपरवर दोन ओळी होतील.

सगळ्यांनाच घाबरवा असं मी म्हणत नाही. ज्याचा फक्त हात कोपरापर्यंत सुजला, त्याला ॲनाफिलॅक्सिसचा शिक्का मारू नका. त्याला बहुतेक वेळा अँटिबायोटिकही लागत नाही, ती सूज पेशींची असते, जंतूंची नसते. रक्तात विषाविरुद्धचं आयजीई सापडलं तरी ज्यांना कधी काही त्रास झाला नाही अशी माणसं पुष्कळ आहेत, त्यांच्या तपासण्या करून काही साधत नाही. अंगभर गांधी, दम, उलट्या, चक्कर, शुद्ध हरपणं हे ज्यांना झालं, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

आणि त्यांच्यासाठी पुढचा रस्ता आहे, हे मला दादाच्या आजारपणाआधी माहीतच नव्हतं. तपासणी डंखानंतर लगेच करत नाहीत, साधारण चार ते सहा आठवडे थांबतात, कारण झिजून गेलेल्या पेशी लगेच उत्तर देत नाहीत. आम्हाला त्यासाठी नागपूरबाहेर जावं लागलं. दादाची तपासणी गांधीलमाशीला होकारार्थी आली, मधमाशीला नकारार्थी. त्यानंतरचा उपचार म्हणजे त्याच विषाची अगदी कणभर मात्रा देत देत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेणं, आणि तीन ते पाच वर्षं ती ठरावीक अंतरानं चालू ठेवणं. १९७८ साली अमेरिकेत याची नीट परीक्षा झाली. त्याआधी जवळजवळ अर्धं शतक अख्खा कीटक वाटून त्याचा अर्क टोचत असत आणि सगळ्यांना वाटे की गुण येतो. प्रयोगात रुग्णांना देखरेखीखाली खरा डंख दिला: शुद्ध विष घेतलेल्या १८ जणांपैकी एकाला त्रास झाला, अख्ख्या कीटकाचा अर्क घेतलेल्या ११ पैकी सात जणांना, आणि नुसतं निरुपद्रवी द्रव्य घेतलेल्या १२ पैकी सात जणांना. इतक्या वर्षांचा उपचार एका प्रयोगात निकालात निघाला आणि दुसरा उभा राहिला.

आत काय बदलतं, ते स्वित्झर्लंडमधल्या मधपाळांवरून समजलं. हंगामात त्यांना डंखामागून डंख बसतात आणि बहुतेकांना काही होत नाही. त्यांच्या रक्तात विषाला ओळखणाऱ्या टी पेशी होत्याच, पण त्यांचा स्वभाव बदललेला होता. त्या इंटरल्यूकिन-१० सोडून बाकीच्यांना थोपवत होत्या. उपचारात हेच होतं. नियामक टी पेशी वाढतात, मास्ट पेशी आणि बेसोफिल सहजासहजी रिकाम्या होईनाशा होतात, आणि बी पेशी आयजीजी-४ नावाचं दुसरं प्रतिपिंड बनवू लागतात. ते विषाच्या प्रथिनाला आयजीईपर्यंत पोहोचण्याआधीच धरतं. कुठलाही अवयव कापायचा नाही, आयुष्यभर गोळी नाही. पेशींना तीच प्रथिनं पुन्हा, पण सावकाश भेटवायची.

आपल्याकडची अडचण मोठी आहे आणि ती मी लपवत नाही. बाजारातले बहुतेक अर्क युरोप-अमेरिकेतल्या जातींपासून केलेले असतात. आपल्या बागेतल्या, कूलरमधल्या, कळमन्याच्या फळबाजारात घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या वेगळ्या जातींच्या. अँटिजेन ५ सारखी प्रथिनं नातेवाईक जातींत बरीच मिळतीजुळती असतात, पण सगळी नाहीत. दादाच्या उपचारासाठी अर्काची जुळवाजुळव अजून चालू आहे. इथल्या माश्या गोळा करून, त्यांची जात ओळखून, त्यांच्या विषाविरुद्ध इथल्या रुग्णांच्या रक्तात कोणतं आयजीई आहे हे पाहण्याचं काम नागपुरात व्हायला हवं. या शहरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, एम्स आहे, विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. माणसं आहेत आणि माश्याही आहेत. पण रुग्ण कुठून मिळणार? ते सगळे ‘किडा चावला’च्या रकान्यात आहेत.

परदेशात खिशात ठेवायची ॲड्रेनालीनची तयार पेनं मिळतात. आपल्याकडे ती औषधाच्या दुकानात सहज मिळत नाहीत. म्हणून आमच्या डॉक्टरांनी दादाला आणि पुतण्याला ॲम्प्यूल, सिरिंज आणि सुई यांचा डबा करून दिला, मात्रेची खूण सिरिंजवर करून दिली, आणि पाठ होईपर्यंत शिकवलं. पुतण्यानं सुई टोचायचा सराव संत्र्यांवर केला. औषध उजेडात आणि उष्णतेत बिघडतं, २५ अंशांच्या आत ठेवायला सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. बागेतल्या खोपटात तो डबा आता कापडात गुंडाळून माठाच्या ओल्या वाळूत असतो, उन्हाळ्यात दर महिन्याला आम्ही ॲम्प्यूल बदलतो. सुट्टी देताना हा डबा आणि हे दहा मिनिटांचं शिक्षण तुम्ही प्रत्येक अशा रुग्णाला देऊ शकता. सिस्टर तर हे आमच्या डॉक्टरांपेक्षाही छान शिकवतील असं मला वाटतं.

आंबिया बहराची तोडणी ऑक्टोबरात सुरू होईल. त्याआधी आपापल्या कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये ॲड्रेनालीनची ॲम्प्यूल आहे का, तिची तारीख उलटली नाही ना, आणि रात्रपाळीच्या माणसाला ती कुठं आहे हे माहीत आहे का, एवढं पाहून ठेवा. माझ्याकडे वर्गासाठी केलेले मास्ट पेशींचे तक्ते आहेत, गांधीलमाशी, मधमाशी आणि कुंभारीण माशी ओळखायला डब्यांत ठेवलेले नमुने आहेत, आणि ते रिकामं कागदी पोळंही आहे. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात, कोणत्याही रविवारी, बोलावलंत तर मी ते घेऊन येईन. दादाही येईल म्हणतो, दोन्ही केसपेपर घेऊन.

आपली नम्र,
जीवशास्त्राची एक शिक्षिका
नागपूर